पदरमोड कोणाची?

उमरेड तालुक्यातल्या आमच्या बचत गटांच्या बैठका बहुतेक संध्याकाळी भरतात. शेतातून यायचं, चुलीवर भात ठेवायचा आणि वही घेऊन समाजमंदिरात जायचं. मागच्या पावसाळ्यात अशाच एका बैठकीत एक गोष्ट निघाली आणि ती आम्हाला काही केल्या सोडेना. आज तीच तुमच्यापुढे मांडतो.

त्या गटातली एक ताई ख्रिस्ती कुटुंबातली. नाव आणि गाव सांगत नाही, तिने तसं कबूल करून घेतलं आहे. तिने गटातून ३०,००० रुपये कर्ज घेतलं, पिको-फॉलची मशीन घ्यायला. पैसे घरी आले त्याच आठवड्यात नवऱ्याच्या चुलतभावाचं ऑपरेशन निघालं. नवऱ्याने त्यातले १८,००० उचलून दवाखान्यात भरले. आधी विचारलं नाही, भरून आल्यावर सांगितलं. उरलेल्या पैशात मशीन येईना, मशीन नाही म्हणून कमाई नाही, आणि दोन हप्ते थकले. गटाच्या नियमाप्रमाणे तिला दंड झाला.

आता ऐका, आम्ही काय केलं. आम्ही तिला समजावलं. म्हटलं, जाऊ दे ताई, दारूत तर नाही घातले ना, माणसाचा जीव वाचला. नवरा देवमाणूस आहे तुझा. ती काही बोलली नाही. दुसऱ्या बैठकीत दंडाचे पैसे ठेवताना म्हणाली, "ताई, त्याग यायचा झाला अन् दंड मले बसला."

सगळ्या बाया हसल्या, मग गप्प झाल्या.

तिचा नवरा खरंच वाईट नाही. खाणीवर ठेकेदाराकडे गाडी चालवतो, व्यसन नाही, रविवारची उपासना चुकवत नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. बायबलमध्ये पतीला घराचं मस्तक म्हटलं आहे, म्हणून निर्णय त्याचा. आणि बायबलमध्येच स्वतःला देऊन टाकायला सांगितलं आहे, म्हणून त्याने दिले. स्वतःसाठी तर घेतले नाहीत. अधिकारही झाला आणि त्यागही झाला, मग बायकोचं दुखतं कुठे? या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आम्ही काही बायबलचे जाणकार नाही. आमच्यात बौद्ध आहेत, हिंदू आहेत, ख्रिस्ती चार-दोनच. म्हणून आम्ही एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे गेलो. त्या स्वतः ख्रिस्ती. चहा ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, हे भांडण नवीन नाही, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका फार मोठ्या माणसाच्या घरात हेच झालं होतं, आणि त्या गोष्टीची सुरुवात आपल्या नागपूरहून सुटलेल्या गाडीतच झाली होती.

तो माणूस म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. लोकमान्य नव्हेत, कवी टिळक. त्यांच्या कविता आपल्यातल्या कितीतरी जणींना शाळेत होत्या. जन्म १८६१चा, कोकणातला. १८८० साली त्यांचं लग्न नाशिकजवळच्या जलालपूरच्या मनकर्णिका गोखले हिच्याशी झालं. ती अकरा-बारा वर्षांची. सासरी तिचं नाव लक्ष्मी झालं. पुढे टिळक नागपुरात आले आणि अप्पासाहेब बुटींकडे काम करू लागले. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा झाल्या, आणि त्या गृहस्थांनी त्यांना नवा करार वाचायला दिला. टिळकांनी तो वाचला, विचार केला, आणि १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा घेतला.

आपल्या मुद्द्याला महत्त्वाचं आहे ते हे की हा निर्णय त्यांनी बायकोला बरोबर घेऊन केला नव्हता. त्या काळात ब्राह्मण घरातल्या बाईचा नवरा ख्रिस्ती होणं म्हणजे काय, विचार करा. नवरा जिवंत, आणि तरी संसार मोडलेला. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या, काही काळ पंढरपूरला. चार-पाच वर्षं दोघं वेगळी होती. टिळकांनी देवासाठी सगळं सोडलं असं लोक म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण त्यांनी जे सोडलं त्यातलं बरंचसं लक्ष्मीबाईंचंही होतं, आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

हे सगळं लक्ष्मीबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे. 'स्मृतिचित्रे' त्या पुस्तकाचं नाव. १९३४ पासून ते भागाभागांनी छापून आलं. आमच्यातल्या दोघींनी ते त्या बाईंकडून आणून वाचलं आणि बाकीच्यांना सांगितलं. बैठकीत आम्ही इतकं हसलो की बाहेरून माणसं डोकावून गेली. टिळक तापट होते, आणि हाताचे फार मोकळे. पैसा घरात आला की कोणीतरी गरजू दारात उभाच, आणि टिळक देऊन मोकळे. घरात काय शिल्लक आहे, उद्या काय शिजणार, हे बघायचं काम बायकोचं. लक्ष्मीबाई रडगाणं गात नाहीत. नवऱ्यावर त्यांचं प्रेम पानोपानी दिसतं. पण कोणत्या दिवशी काय गेलं आणि ते कोणी भरून काढलं, याचा हिशेब त्यांच्याकडे चोख आहे, आमच्या गटातल्या सचिवासारखा.

आमची ती ताई ऐकता ऐकता म्हणाली, "हे तर माह्याच घरचं आहे."

तेव्हा शिक्षिकाबाईंनी दुसरी बाजू सांगितली. इथे जरा थांबून ऐका, कारण आमचं सगळं बोलणं या जागेवर फिरलं.

त्या काळात १८६६चा एक कायदा होता. एखादा माणूस ख्रिस्ती झाला आणि त्याच्या बायकोने त्याच कारणाने नांदायला नकार दिला, तर तो कोर्टात जाऊन ते लग्न मोडून घेऊ शकत होता आणि दुसरं करू शकत होता. म्हणजे टिळकांच्या हातात अधिकार होता, सरकारी शिक्क्याचा. तो त्यांनी वापरला नाही. ते थांबले. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे अहमदनगरकडे राहायला आल्या त्याही ख्रिस्ती होऊन नव्हे. आल्या तशा ब्राह्मण बाई म्हणूनच आल्या, आपलं सोवळं आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवून. ज्या माणसाने स्वतः जात सोडली होती, त्याने बायकोचं सोवळं आपल्या घरात सांभाळू दिलं. नवरा ख्रिस्ती म्हणून तू ख्रिस्ती हो, असा हुकूम केला नाही. जातीचा भेद देवाने केलेला नाही, हे लक्ष्मीबाईंना पुढे त्यांच्याच विचाराने पटलं, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला.

एकच माणूस, एकच नवरा. पैशाच्या बाबतीत त्याने दिलं आणि भरलं बायकोने. धर्माच्या बाबतीत त्याच्या हातात जोर होता, तो त्याने मागे घेतला आणि वाट बघण्याचा त्रास स्वतः सोसला. दोन्हीला लोक त्यागच म्हणतील. आम्हाला मात्र दुसऱ्यालाच त्याग म्हणावंसं वाटतं. पहिल्यात अधिकार होता आणि दानही होतं, पण पदरमोड दुसऱ्याच्या पदराची होती. अधिकार आणि त्याग एका घरात नांदू शकतात का, याचं आमचं उत्तर इथे मिळालं. नांदू शकतात, पण ज्याच्याकडे अधिकार आहे त्याने स्वतःच्या वाट्याचं सोडलं तर, आणि समोरच्या माणसाला नाही म्हणायची मोकळीक असली तर. त्यातलं एक जरी नसलं तरी उरतो तो नुसता अधिकार. त्याला त्यागाचं नाव दिलं की तो जास्त जड होतो, कारण मग त्याच्याविरुद्ध बोलणारी बाई स्वार्थी ठरते.

हे आमचं झालं. पण तिचा नवरा ग्रंथाचं नाव घेत होता, तेव्हा ग्रंथात काय आहे हेही बघायला हवं होतं. शिक्षिकाबाईंनी बायबल उघडलं. ज्या पत्रात पतीला मस्तक म्हटलं आहे ते इफिसकरांस पत्र, पाचवा अध्याय. इफिस हे शहर आजच्या तुर्कस्तानात. तिथे तेव्हा रोमन राज्य होतं, आणि रोमन कायद्यात घरातल्या कर्त्या पुरुषाची सत्ता फार मोठी होती. मुलं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, तरी मालमत्ता बापाच्याच ताब्यात. अशा समाजातल्या लोकांना ते पत्र लिहिलेलं आहे. त्यात बाविसाव्या ते चोविसाव्या वचनात बायकांना नवऱ्याच्या अधीन राहायला सांगितलं आहे, हे खरं. ते लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच्या आधीचं एकविसावं वचन सगळ्यांसाठी आहे, तिथे एकमेकांच्या अधीन राहायला सांगितलं आहे. मूळ पत्र ग्रीक भाषेत आहे, आणि बाविसाव्या वचनाच्या सगळ्यात जुन्या प्रतींत अधीन राहा हे क्रियापद वेगळं लिहिलेलंच नाही, ते एकविसाव्यातूनच घ्यावं लागतं. म्हणजे दोन्ही वाक्यं एकमेकांना शिवलेली आहेत. आपण मधलाच तुकडा फाडून घेतो.

आणि पंचविसाव्या वचनापासून पुढचं जवळजवळ सगळं नवऱ्यांना सांगितलेलं आहे. ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तसं बायकोवर प्रेम करा, तिला स्वतःच्या शरीरासारखं जपा. आमच्यातल्या एका काकूंनी विचारलं, मग त्याने स्वतःला द्यायचं की बायकोची मशीन द्यायची? शिक्षिकाबाई म्हणाल्या, हाच प्रश्न त्याला विचारा.

त्यांनी आणखी एक जागा दाखवली, करिंथकरांस पहिल्या पत्रातला सातवा अध्याय. तिथे पौल म्हणतो की बायकोच्या शरीरावर तिचा नव्हे, नवऱ्याचा अधिकार आहे. इथवर वाचून आम्ही एकमेकींकडे बघितलं. पण त्याच दमात पुढे तो म्हणतो की नवऱ्याच्या शरीरावर त्याचा नव्हे, बायकोचा अधिकार आहे. आणि वेगळं राहायचं असेल तर दोघांच्या संमतीने. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पत्रात संमतीची ही गोष्ट वाचून आमच्या हिंदू-बौद्ध बायांनाही नवल वाटलं. आपल्याकडे आजही किती घरांत ती असते?

ख्रिस्ती लोकांत याबद्दल एकच मत आहे असं समजू नका. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट मंडळींनी १९९८ साली आपल्या श्रद्धापत्रकात घातलं की नवऱ्याने सेवक होऊन पुढारपण करावं आणि बायकोने ते मानावं. कॅथलिक लोकांचे पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याच्या दहा वर्षं आधी, १९८८ साली, स्त्रियांच्या प्रतिष्ठेवर एक पत्र काढलं होतं, आणि त्यात ही अधीनता दोघांची एकमेकांशी आहे असं सांगितलं होतं. दोन्हीकडे शिकलेली, प्रार्थना करणारी माणसं आहेत. सेवक होऊन पुढारपण करणारा नवरा खरंच सेवा करत असेल तर त्याच्या घरात भांडण होणार नाही, हे आम्हीही मानतो. अडचण अशी की त्याने सेवा केली की हुकूम केला, हे ठरवायचं कोणी? तो स्वतःच ठरवणार असेल तर प्रत्येक हुकूम सेवाच ठरेल.

बचत गटात आपण हे कसं सोडवलं आहे, आठवा. आपल्यातही अध्यक्ष असते. सही तिची चालते. आपण तिला मान देतो, ती वेळ देते, पदरचं भाडं घालून बँकेत जाते. पण वही सगळ्यांसमोर उघडी असते, ठराव वाचून दाखवावा लागतो, आणि सगळ्यात नवी बाईही हात वर करून म्हणू शकते की मला हे मान्य नाही. त्याने अध्यक्षाचा मान कमी झाल्याचं आम्ही तरी पाहिलं नाही. उलट जिची वही बंद असते तिच्याबद्दल कुजबुज होते.

वाचायचा अधिकार हीसुद्धा अशी उघडी वहीच आहे. पंडिता रमाबाईंनी ते फार लवकर ओळखलं. त्यांनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या धर्मभगिनींनी सांगितलं ते डोळे मिटून मानायला त्या तयार नव्हत्या. पत्रं लिहून वाद घातला. परत आल्यावर केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, आणि मूळ हिब्रू-ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणलं, साध्या बाईला कळेल असं. १९२२ साली त्या गेल्या, त्यानंतर १९२४ साली ते पुरं छापून झालं. छपाईचं काम मुक्तीतल्या बायकांनी केलं. आपल्याला कोणी एखादं वचन म्हणून दाखवलं तर ते कुठलं आहे आणि त्याच्या मागे-पुढे काय आहे, हे स्वतः काढून बघता यावं, एवढ्यासाठी केवढा खटाटोप.

लक्ष्मीबाईही तशाच. लिहायला-वाचायला त्या नवऱ्याकडून शिकल्या. टिळकांनी 'ख्रिस्तायन' नावाचं मोठं काव्य लिहायला घेतलं होतं. १९१७ साली ते मिशनची पगाराची नोकरी सोडून संन्यासी झाले, १९१९ साली वारले, आणि काव्य सुरुवातीच्या थोड्या अध्यायांवर थांबलं. बाकीचे साठाहून जास्त अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. घरातलं अर्धवट राहिलेलं काम पुरं करायचं, ही सवय जुनीच असणार.

आता थोडं कायद्याचं, कारण प्रेमाने सुटत नाही तेव्हा ते लागतं. ख्रिस्ती कुटुंबात नवरा मृत्युपत्र न करता गेला तर १९२५चा भारतीय वारसा कायदा लागतो. मुलंबाळं असतील तर एक तृतीयांश विधवेचा, उरलेलं मुलांमध्ये, आणि त्यात मुलगा-मुलगी सारखे. मृत्युपत्र केलं तर मात्र तो कोणालाही देऊ शकतो, तेव्हा कागद बघून ठेवा. घटस्फोटाच्या १८६९च्या कायद्यात फार भेदभाव होता. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे, बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर छळ किंवा सोडून जाणं असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागे. हा फरक जायला २००१ साल उजाडलं. आणि २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायांना आहे. त्यात मारहाणीबरोबर आर्थिक छळही येतो. बाईचा पैसा, तिचं स्त्रीधन तिच्या मर्जीविरुद्ध काढून घेणं हे त्यात बसू शकतं. १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आहे. विधी सेवा समितीकडून बाईला फुकट वकील मिळतो, तिची कमाई कितीही असो.

आमच्या ताईला यातलं काही वापरायचं नव्हतं. ती म्हणाली, "मले नवरा नाही सोडायचा, मशीन पाह्यजे." आम्ही आधी आमची चूक दुरुस्त केली. गटाने ठराव करून दंड माफ केला, आणि आम्ही सगळ्यांसमोर म्हटलं की तिला गप्प बसवायला नको होतं. मग शिक्षिकाबाई एका रविवारी उपासनेनंतर तिच्या घरी गेल्या. काय बोलणं झालं ते आम्हाला सविस्तर माहीत नाही. ताई एवढंच सांगते की पाचवा अध्याय नवऱ्यानेच मोठ्याने वाचला, पंचविसाव्या वचनाला अडखळला, आणि पुढे बराच वेळ बोलला नाही.

काय झालं ते असं. दवाखान्याला दिलेले पैसे परत मागायला तिनेच नको म्हटलं, आणि ते आम्हाला फार आवडलं, कारण यावेळी तिला विचारलं होतं. नवऱ्याने स्वतःची जुनी मोटारसायकल विकली, ११,००० आले. आता तो कामावर एका भाऊजींच्या मागे बसून जातो. उरलेले पैसे त्यात घालून मशीन आली, नवी नव्हे, जुनी, नागपूरहून. थकलेले दोन हप्ते दिवाळीच्या आधी एकदम भरले. अजून नऊ बाकी आहेत. मागच्या बैठकीला तिने गटाच्या बारा जणींच्या साड्यांना फॉल लावायची ऑर्डर घेतली आणि उधारी चालणार नाही म्हणून आधीच सांगून टाकलं.